पितळेच्या भावात विकू नका : जुन्या कॅमेऱ्याचे भिंग कसे ओळखावे?

अमरावती आणि अकोल्याच्या जुन्या वस्त्यांत फोटो स्टुडिओ एकामागून एक बंद होत गेले. आधी रंगीत फिल्मने काळ्या-पांढऱ्या फोटोची खोली बंद केली, मग मोबाइलने रंगीत फिल्मचे दुकान बंद केले. स्टुडिओ गेला तरी सामान घरात राहते. माळ्यावर सागवानी पेटी, काळे कापड, फुटलेल्या काचा आणि त्यांच्यात एक जड पितळी नळकांडे. घर रंगवायला काढले की हे नळकांडे खाली येते आणि दाराशी भंगारवाला उभाच असतो. पितळेचा भाव किलोला काही शे रुपये. तराजूत टाकले, पैसे घेतले, विषय संपला.

या उलटही घडते. कुणीतरी सांगते की असल्या जुन्या भिंगाला परदेशात लाखो रुपये मिळतात. मग घरात आशा लागते, भावाभावांत कुजबुज सुरू होते. दोन्ही वेळा मूळ प्रश्न बाजूला राहतो : ही वस्तू नेमकी आहे तरी काय, कुणी बनवली आणि किती जुनी आहे? याचे उत्तर बरेचसे घरबसल्या मिळू शकते. एक मोबाइलची बॅटरी, एक मेणबत्ती, एक फूटपट्टी आणि थोडा सबर एवढेच साहित्य लागते. आमच्या वर्गातील आठवीची मुले हे प्रयोग सहज करतात, म्हणून येथे ते सविस्तर देत आहोत.

मसुरीच्या डाळीपासून भिंगापर्यंत

आधी शब्दाची गंमत पाहू. इंग्रजीतील 'लेन्स' हा शब्द लॅटिनमधून आला आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मसूर. अरबीत मसुरीला 'अदस' म्हणतात आणि भिंगाला 'अदसा'. उर्दूत आपण हाच शब्द वापरतो. दोन्ही बाजूंनी फुगीर असलेली काच मसुरीच्या दाण्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. आपल्या घरात रोज शिजणाऱ्या डाळीचे नाव जगभरच्या कॅमेऱ्यांवर बसले आहे, हे मुलांना सांगितले की ती हा शब्द कधी विसरत नाहीत.

प्रकाशाच्या इल्माचा पाया घालणाऱ्यांत इब्न अल-हैसम यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म बसऱ्याला सुमारे 965 साली झाला आणि इंतकाल कैरोत 1040 च्या सुमारास. 'किताबुल मनाज़िर' हा त्यांचा ग्रंथ. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, हे मत त्यांनी खोडून काढले आणि वस्तूवरून प्रकाश डोळ्यांत येतो हे प्रयोगाने मांडले. अंधाऱ्या खोलीच्या बारीक छिद्रातून आत येणाऱ्या प्रकाशाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यांच्याही आधी 984 च्या सुमारास बगदादमध्ये इब्न सहल यांनी भिंगातून किरण कसा वाकतो याचे गणित मांडले होते. म्हणजे अंधारी खोली होती, भिंगाचे गणित होते. चित्र टिकवून ठेवणारे रसायन मात्र यायचे होते. ते 1839 मध्ये पॅरिसच्या दागेर यांनी जगापुढे आणले आणि तेव्हापासून कॅमेऱ्यासाठी खास भिंगे बनू लागली.

आपल्या मुलखात कॅमेरा कसा आला

मुंबईत फोटोग्राफीची संस्था 1854 मध्ये स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था 1856 च्या. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 मध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या नव्या हुनराचे सुरुवातीचे मराठी जाणकार. उत्तरेत लखनौला अहमद अली खान 1850 च्या दशकातच फोटो काढत होते, आणि दारोगा अब्बास अली यांचा 'लखनौ अल्बम' 1874 मध्ये निघाला.

आपल्या वऱ्हाडाच्या अगदी शेजारी, अजिंठ्याला, मेजर रॉबर्ट गिल हे लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी 1840 च्या दशकात आले आणि पुढे कॅमेऱ्याकडे वळले. त्यांनी अजिंठ्याबरोबर लोणारच्या देवळांचेही फोटो घेतले. त्यांच्या जोडफोटोंची पुस्तके 1864 मध्ये लंडनला छापली गेली. 1879 मध्ये ते वारले आणि भुसावळला त्यांची कबर आहे. त्याच सुमारास कापसाने वऱ्हाडात पैसा येत होता आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. रेल्वेबरोबर फिरते फोटोवाले आले, मग स्टुडिओ आले. कॅमेऱ्याची लाकडी पेटी इथल्या सुताराला बनवता येत होती. भिंग मात्र लंडन, पॅरिस किंवा जर्मनीहूनच येई. म्हणूनच आज पेटी देशी आणि भिंग विलायती अशी जोडी वारंवार सापडते.

पहिली तपासणी : हे कॅमेऱ्याचेच आहे का?

पितळी नळी म्हणजे कॅमेऱ्याचे भिंग, असे समजू नये. आपल्याकडे अशा नळ्या तीन-चार ठिकाणांहून येतात : फोटोचा कॅमेरा, काचेवरची चित्रे पडद्यावर दाखवणारा जादूचा कंदील, टुरिंग टॉकीजचा प्रोजेक्टर आणि जमीन मोजणाऱ्यांची दुर्बीण. वऱ्हाडात जत्रेजत्रेतून तंबूतले सिनेमे फिरत, त्यामुळे प्रोजेक्टरची भिंगे इथे पुष्कळ.

ओळख अशी : फोटोच्या भिंगात प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय असते. एकतर नळीच्या मध्यावर आडवी खाच असते, तिच्यात छिद्राची पितळी चकती सरकवतात, किंवा बाहेरचे कडे फिरवले की आतल्या पाकळ्या मिटतात-उघडतात. प्रोजेक्टरला किंवा कंदिलाला जितका उजेड मिळेल तितका हवाच असतो, म्हणून त्यांच्या भिंगात सहसा अशी सोय नसते. मात्र 1858 पूर्वीच्या कॅमेऱ्याच्या भिंगांनाही खाच नसते. म्हणून नळीवर नाव नाही, खाच नाही, फक्त पुढे-मागे सरकवायची दातेरी पट्टी आणि फिरकी आहे, असे असेल तर ती बहुधा कंदिलाची किंवा प्रोजेक्टरची समजावी. अपवादाला पुरावा हवा.

दुसरी तपासणी : ठिपके मोजा

खोली अंधारी करा. भिंग हातात धरून मोबाइलची बॅटरी थोडी तिरकी समोर धरा आणि काचेत पाहा. उजेडाचे ठिपके दिसतील. काचेचा जो पृष्ठभाग हवेला लागून आहे तो ठळक ठिपका देतो. दोन काचा डिंकासारख्या पारदर्शक बाल्समने चिकटवलेल्या असतील तर त्या जोडाचा ठिपका फिकट दिसतो. पुढची आणि मागची बाजू वेगळी तपासा.

एकाच टोकाला काच, दोन ठळक आणि एक फिकट ठिपका : हे साधे भिंग, निसर्गदृश्यांसाठीचे. दागेर यांच्या कॅमेऱ्यासाठी शेव्हालिए यांनी दिलेले भिंग याच जातीचे. उजेड कमी घेते, म्हणून माणसाला फार वेळ स्थिर बसावे लागे.

पुढे दोन ठळक, एक फिकट आणि मागे चार ठळक ठिपके : हे पेट्झव्हाल पद्धतीचे भिंग. व्हिएन्नाचे गणिती योसेफ पेट्झव्हाल यांनी 1840 मध्ये याचा हिशोब मांडला आणि फोइक्टलेंडर यांनी ते बनवले. आधीच्या भिंगांच्या मानाने ते कितीतरी जास्त उजेड घेत असे, म्हणून चेहऱ्यांचे फोटो व्यवहारात शक्य झाले. स्टुडिओवाल्यांचे हेच लाडके भिंग. मधोमध चेहरा स्वच्छ आणि कडेला हळूहळू धूसर, अशी दादा-दादींची तस्वीर घरात असेल तर ती अशाच भिंगाची असण्याची शक्यता आहे. लक्षात ठेवा, कंदील आणि प्रोजेक्टरची भिंगेही पुष्कळदा याच बांधणीची असतात. म्हणून पहिली तपासणी सोडू नये.

पुढे दोन ठळक, एक फिकट आणि मागेही तसेच : हे 'रॅपिड रेक्टिलिनिअर'. 1866 मध्ये लंडनचे डालमायर आणि म्युनिकचे श्टाइनहाइल या दोघांनी स्वतंत्रपणे हे आणले. याने सरळ रेषा वाकड्या दिसत नाहीत, म्हणून इमारती, गटफोटो, शाळेचे वर्ग यांसाठी ते वर्षानुवर्षे चालले.

ठिपक्यांची संख्या या नमुन्यांत बसत नसेल तर भिंग बहुधा 1890 नंतरच्या पिढीतील. त्या वर्षी त्साइस कंपनीचे पाऊल रुडॉल्फ यांचे नवे भिंग आले, 1892 मध्ये गोअर्त्झचे 'डागोर', 1893 मध्ये इंग्लंडचे 'कुक ट्रिप्लेट' आणि 1902 मध्ये 'टेसार'. आणि ठिपके निळसर-जांभळे दिसले तर काचेवर लेप आहे. हा लेप 1935 च्या सुमारास जर्मनीत निघाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरला. असे भिंग 'शंभर वर्षांचे' म्हणून कुणी विकत असेल तर सलाम करून उठावे.

तिसरी तपासणी : उजेडाची चकती

भिंगाचे वय ठरवायला ही सर्वांत सोपी खूण. अगदी सुरुवातीला छिद्राची चकती भिंगाच्या तोंडाशी आतून बसवत. 1858 मध्ये इंग्लंडच्या हॅलिफॅक्सचे जॉन वॉटरहाउस यांनी नळीला खाच पाडून चकती सरकवण्याची युक्ती सुचवली. पुढची तीस वर्षे ही पद्धत सर्रास चालली. पाकळ्यांची झडप 1880 च्या दशकाच्या अखेरीपासून सर्वसाधारण झाली.

एक सावधगिरी घ्यावी. 1858 पूर्वीच्या भिंगालाही नंतर कुणी खाच पाडून घेतलेली असू शकते. खाच कोरलेल्या अक्षरांना छेदून जात असेल, कडा ओबडधोबड असतील, तर ती नंतरची.

कड्यावरचे आकडेही बोलतात. 8, 11, 16, 22, 32 असे आकडे म्हणजे आज चालते ती 'एफ' पद्धत. पण 4, 8, 16, 32, 64 असे दुप्पट होत गेलेले आकडे असतील तर ती 1881 मध्ये इंग्लंडमध्ये ठरवलेली जुनी 'यू.एस.' पद्धत असू शकते. तिच्यातला 4 म्हणजे आजचा 8 आणि तिच्यातला 64 म्हणजे आजचा 32. दोन्हींत 16 मात्र एकच. विसाव्या शतकात ही पद्धत मागे पडली, म्हणून असे आकडे दिसले की काळ बराच आवळता येतो.

चौथी तपासणी : अक्षरे वाचा

कोरलेले नाव भिंगाने पाहून जसेच्या तसे उतरवून घ्या. एखादा शब्दही सोडू नका, कारण तारीख बहुधा त्यातच असते.

फोइक्टलेंडर कंपनीने 1849 मध्ये व्हिएन्नाबाहेर जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला. म्हणून नुसते 'वीन', म्हणजे व्हिएन्ना, कोरले असेल तर आणि 'ब्राउनश्वाइग' असेल तर अर्थ वेगळा होतो. 1898 मध्ये ती भागभांडवलाची कंपनी झाली आणि नावापुढे 'ए.जी.' आले. लंडनचे अँड्र्यू रॉस 1859 मध्ये वारले, म्हणून 'ए. रॉस' हे नाव त्या काळापर्यंतचे. त्यांचे जावई जॉन हेन्री डालमायर यांनी त्यानंतर 1860 मध्ये स्वतःचा कारखाना थाटला, म्हणून डालमायरचे कोणतेही भिंग त्याआधीचे असू शकत नाही. नावापुढे 'लिमिटेड' असेल तर ते 1890 नंतरचे समजावे. पॅरिसच्या दार्लो यांची भिंगे तर बिननावाची किंवा विकणाऱ्या दुकानाच्या नावानेही जगभर गेली. अशा फ्रेंच भिंगांत काचेच्या कडेवर कारागिराने पेन्सिलीने सही किंवा तारीख लिहिलेली कधी कधी सापडते.

आणखी काही अक्षरे लक्षात ठेवण्यासारखी. 'डी.आर.पी.' म्हणजे जर्मन पेटंट, हा कायदा 1877 चा. 'डी.आर.जी.एम.' ही दुसरी जर्मन नोंदणी 1891 पासूनची. 'मेड इन जर्मनी' हे शब्द ब्रिटनच्या 1887 च्या कायद्यामुळे मालावर येऊ लागले. 'कॅबिनेट' हा शब्द असेल तर भिंग 1860 च्या दशकातले किंवा नंतरचे, कारण त्या मापाचे फोटो तेव्हा निघाले. कॅबिनेट साइज, फुल प्लेट, हाफ प्लेट हे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही आहेत. फुल प्लेट म्हणजे साडेआठ बाय साडेसहा इंचांची काच.

मुंबई किंवा कलकत्त्याच्या दुकानाचे नाव कोरलेले असेल तर ते विकणाऱ्याचे. त्यावरून भिंग तिथे बनले असा निष्कर्ष काढू नये. आकड्यांचा क्रमांक असेल तर तोही लिहून ठेवा. मोठ्या कंपन्यांच्या क्रमांकांवरून वर्षाचा अंदाज देणारे तक्ते अभ्यासकांनी तयार केले आहेत.

पाचवी तपासणी : मेणबत्तीचे गणित

मेणबत्ती, भिंग आणि पांढरा पुठ्ठा एका ओळीत ठेवा. तिन्ही पुढे-मागे सरकवत राहा, जोपर्यंत पुठ्ठ्यावरची उलटी ज्योत खऱ्या ज्योतीएवढीच होत नाही. आता मेणबत्तीपासून पुठ्ठ्यापर्यंतचे अंतर मोजा आणि 4 ने भागा. 100 सेंमी आले तर नाभीय अंतर सुमारे 25 सेंमी. समोरून पाहून पूर्ण उघड्या भिंगाच्या तेजस्वी वर्तुळाचा व्यास मोजा. समजा 6 सेंमी. 25 भागिले 6 म्हणजे 4 च्या थोडे वर. हा 'एफ' आकडा. 4 च्या आसपास असेल तर पेट्झव्हालशी जुळते, 8 च्या आसपास असेल तर रेक्टिलिनिअरशी, 11 ते 16 असेल तर साध्या भिंगाशी. ठिपक्यांचे उत्तर आणि या गणिताचे उत्तर जुळले की आपला अंदाज भक्कम झाला. मुलांकडून करून घेताना एकच ताकीद : भिंग सूर्याकडे धरून त्यातून पाहू नये, आणि ते उन्हात खिडकीत ठेवू नये. एवढी मोठी काच कागद-कापड सहज पेटवते.

शेवटचा नियम : सर्वांत उशिराची खूण खरी

समजा ठिपके 1840 च्या पद्धतीचे, खाच 1858 नंतरची आणि नावापुढे 'लिमिटेड'. मग भिंग 1890 नंतरचेच. पद्धत जुनी असली तरी वस्तू नवी असू शकते, कारण पेट्झव्हालची बांधणी कित्येक दशके चालू होती. म्हणून सगळ्या खुणांपैकी जी सर्वांत उशिराची, तिच्या आधी वस्तूला नेता येत नाही. फक्त ती खूण मूळची आहे की नंतर जोडलेली, एवढे पाहावे. कधी एका नळीत दुसऱ्याच्या काचाही बसवलेल्या असतात. पुढच्या आणि मागच्या भागाचे आटे, रंग, झीज जुळतात का, ते तपासावे.

तरक्यातील तीन भिंगे

हे सारे कशासाठी, ते एका उदाहरणाने सांगतो. अकोल्यातील एका परिचित घरात दादांचा स्टुडिओ होता, 1935 च्या सुमारास सुरू झालेला. वडिलांच्या इंतकालानंतर तरक्याची वाटणी निघाली. तीन भाऊ, दोन बहिणी. घर, दुकान, शेत यांचे आठ हिस्से करून हिशोब झाला. स्टुडिओची पेटी कुणाच्या हिशोबातच नव्हती. एका भावाचे म्हणणे, पितळ आहे, मोडीत देऊ. दुसऱ्याचे म्हणणे, दादांनी लंडनहून नवेकोरे मागवलेले भिंग आहे, लाखांत जाईल. बहिणींना कुणी विचारले नव्हते. मोठ्या आपांनी मात्र एकच गोष्ट धरून ठेवली : सुईसुद्धा तरक्यात येते, आधी किंमत कळू द्या, मग वाटा.

आम्हाला बोलावणे आले. पेटीत तीन भिंगे होती. सर्वांत मोठे आणि घासूनपुसून चकचकीत केलेले, ज्यावर लाखांची आशा होती, ते बिननावाचे, बिनखाचेचे निघाले. मागे चार ठळक ठिपके. म्हणजे बहुधा प्रोजेक्टरचे. दुसरे रॅपिड रेक्टिलिनिअर, पाकळ्यांच्या झडपेचे, त्या काळी सर्वत्र मिळणारे. तिसरे काळवंडलेले, कुणी लक्ष न दिलेले. त्यावर डालमायरचे नाव, 'पेटंट' हा शब्द, क्रमांक आणि चकतीसाठी नीट कापलेली मूळ खाच. 'लिमिटेड' नाही. म्हणजे ते 1860 ते 1890 च्या दरम्यानचे.

यातून एक गोष्ट सर्वांना पटली. दादांनी स्टुडिओ उघडला तेव्हाच हे भिंग निदान पंचेचाळीस वर्षांचे होते. ते नवे मागवले नव्हते, कुणा आधीच्या फोटोवाल्याकडून हातबदल घेतले होते. धाकट्या भावाला हे ऐकून वाईट वाटले. आपांना नाही वाटले. त्या म्हणाल्या, दादांकडे पैसा नव्हता हे आपल्याला माहीतच आहे, पण जुन्या मालातून चांगले काय ते ओळखण्याची नजर होती. पुढे तिन्ही भिंगांची वेगवेगळी किंमत जाणकाराकडून घेऊन ती हिशोबात धरली गेली. आपांनी डालमायरचे भिंग आपल्या हिश्श्यात मागून घेतले. मोडीत गेले असते तर दोन्ही बहिणींचा हक्क तराजूवरच संपला असता, आणि तोही कुणाच्या वाईट हेतूने नव्हे, केवळ माहिती नसल्यामुळे.

नकली माल

आज बाजारात 'व्हिक्टोरियन' म्हणून पितळी दुर्बिणी, होकायंत्रे, कॅमेरे भरपूर मिळतात. मुरादाबाद आणि रुडकी येथे शोभेच्या अशा वस्तू मोठ्या प्रमाणात बनतात. मुरादाबादच्या कारागिरांचे पितळकाम जगात मशहूर आहे आणि शोभेची वस्तू शोभेची म्हणून विकण्यात काही गैर नाही. गैर आहे ते तिच्यावर लंडनच्या जुन्या कंपनीचे नाव आणि साल कोरून ती अस्सल म्हणून गळ्यात मारणे. ओळख अशी : खऱ्या भिंगावर मोठ्या अक्षरांत साल सहसा कोरलेले नसते. अक्षरे बारीक, खोल आणि सारखी असतात, नकलीत ती उथळ असतात. खऱ्याचे आटे गुळगुळीत फिरतात. आणि सर्वांत मोठी कसोटी मेणबत्तीची : नकली भिंगात एकच साधी काच असते, पुठ्ठ्यावरची ज्योत कडेला रंगीत आणि अस्पष्ट दिसते.

सागवान आणि पितळ पाहूनही फसू नये. केरळात आलप्पुळा येथे 'वागीश्वरी' नावाचा लाकडी-पितळी कॅमेरा 1940 च्या दशकापासून बनत होता आणि देशभर विकला जात होता. तो नकली मुळीच नाही, उलट आपल्या देशातील उद्योगाची शान आहे. पण तो राणीच्या काळातला नाही.

काय करू नये, काय करावे

चिंच, राख, लिंबू किंवा पितांबरी भांड्यांसाठी ठेवा. जुन्या भिंगाच्या पितळेवर पारदर्शक लॅकरचा सोनेरी थर असतो. तो घासला की अक्षरे बोथट होतात आणि मोलही घटते. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी, बस्स. काचेवर आधी फुंकर किंवा मऊ कुंचला, मगच कापड. मागचा भाग उघडताना जपावे, कारण पेट्झव्हालच्या मागच्या दोन काचा सुट्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक कडे असते. क्रम चुकला की भिंग निकामी होते, म्हणून प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्यावा. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. चामड्याच्या बंद डब्यात किंवा ओल्या माळ्यावर ठेवण्यापेक्षा कोरड्या, हवेशीर कपाटात ठेवावे. सुट्या चकत्या, झाकण, लाकडी फळीवरचे कडे हे सारे भिंगासोबतच राहू द्यावे.

विकायचे असेल तर जरूर विका, त्यात कमीपणा नाही. पण काचेवरचा ओरखडा, बाल्समचा पिवळा डाग, बदललेली काच हे ऐब आधी सांगावेत. घेणाऱ्याला वस्तू काय आहे ते ठाऊक असावे आणि देणाऱ्यालाही. किंमत नावावर, स्थितीवर आणि पूर्णतेवर ठरते, केवळ वयावर नाही. जुने पण सर्वत्र मिळणारे भिंग स्वस्त असू शकते. छंद म्हणून पाहायचे असेल तर मुंबईचे दिलीश पारेख यांनी जमवलेल्या 4,425 कॅमेऱ्यांची 2003 मध्ये गिनीज बुकात नोंद झाली होती, आणि गुरुग्रामला 'म्यूझिओ कॅमेरा' हे संग्रहालय 2019 मध्ये उघडले आहे. मुलांना घेऊन जाण्यासारखी ती जागा आहे.

आणि एक काम आजच करावे. घरात असे भिंग असेल तर एका कागदावर चार ओळी लिहून त्यासोबत ठेवा : कुणाचे होते, कोणत्या गावच्या स्टुडिओत चालले, कुणाकडून घेतले, शेवटचा फोटो त्याने कधी काढला. कारखान्याचे नाव पितळेवर कोरलेले असते, ते पन्नास वर्षांनीही वाचता येईल. कोर्टकचेरीबाहेर मिनिट कॅमेरा लावणारे चाचा, डार्करूममध्ये रात्र काढणारे दादा, फोटोंना हाताने रंग भरणाऱ्या दादी यांची नावे मात्र कुठेच कोरलेली नाहीत. ती ज्यांना ठाऊक आहेत अशी माणसे अजून काही घरांत आहेत. ईदला भेटायला जाल तेव्हा पेन आणि कागद सोबत न्या.